फरशीखालचे नळ

थंडी पडली की सासूबाईंचे गुडघे धरायचे. सोलापूरची थंडी ती काय, असं लोक म्हणतील. पण वाताच्या माणसाला पहाटेचा गारठाही पुरतो. खाटेवर त्यांना झोप यायची नाही. अंथरूण जमिनीवरच लागायचं, आणि जमीन म्हणजे शहाबादी फरशी.

थोरले दीर गिरणीत फिटर होते. सुताला कांजी लावतात त्या खात्यात वाफेचे नळ असतात, थंडीत कामगार त्यांच्या उबेला बसतात. ते बघून दिरांनी आईसाठी बेत काढला. परसात चूल, चुलीवर तांब्याचं मोठं भांडं, आणि भांड्यातून निघालेला नळ आईच्या खोलीत फरशीखालून फिरून परत भांड्यात. पाणी तापलं की आपोआप फिरेल, फरशी उबदार राहील. बेत चांगला होता, आजही मी तसंच म्हणते. पण त्यांना तेव्हाच हुबळीला नोकरी लागली आणि जायची घाई झाली. दिवाळीच्या आत त्यांनी सगळं कसंबसं उरकलं. गल्लीतल्या लोकांना बोलावून फरशीला हात लावायला लावला. दाराजवळ चटका बसत होता. आतल्या भिंतीशी, जिथं सासूबाईंचं अंथरूण असायचं, तिथं फरशी गारच्या गार.

मी म्हटलं, "भावजी, हितं ऊब लागत न्हाय की."

"मुरायला येळ लागतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बायकामुलांना घेऊन गेले.

पुढं सगळं माझ्यावर आलं. पहाटे उठून चूल पेटवायची, दिवसभर लाकडं सारायची. दाराजवळ पाय ठेववत नव्हता आणि आतल्या बाजूला सासूबाई कण्हत होत्या. "लाकडं वाचवतीस," त्या म्हणायच्या. "माझ्या लेकानं केलं ते तुला धड चालवाया येत न्हाय." मी आणखी लाकडं घातली. दाराजवळची फरशी तडकली, आतली तशीच गार. मग एक दिवस त्यांचं अंथरूण खालून ओलं लागलं. मला वाटलं, म्हातारीला आवरलं नाही. धुऊन टाकलं, कोरडं घातलं, ते पुन्हा ओलं. फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं. त्यांच्या पाठीला ओलीनं जखम झाली, तेव्हा मी माझ्या मालकांना म्हटलं, "आता तुमी फरशी उचलता का मी उचलू?"

मालक मागावर काम करायचे. नळाचं त्यांना काही येत नव्हतं. सासूबाईंना बाहेर सोप्यात आणून निजवलं, तर त्या रडायलाच लागल्या. "थोरल्याच्या कामाला हात लावू नगा. तुमी मोडशीला."

आम्ही फरशी उचलली. खाली सगळा चिखल. एका सांध्याला नुसती चिंधी गुंडाळलेली. आणि मधोमध जमिनीत एक खडक होता, तो फोडायचा कंटाळा केलेला. नळ त्याच्यावरून उंटाच्या पाठीसारखा नेलेला. त्या उंचवट्यात हवा कोंडायची, पाणी पुढं जायचंच नाही. मालक कामावरून आले की छिन्नी घेऊन खडकाशी बसायचे, मी पाटीनं चिखल काढायची. माझा अंगठा नळाच्या कडेनं कापला, तो अजून नीट वाकत नाही. खडक फोडून नळ हळूहळू चढता केला, सांधे गळू नयेत म्हणून सुतळी आणि सफेदा लावला, हवा जायला भिंतीतून एक नळी वर काढली. तापलेलं पाणी वर चढावं म्हणून परसात खड्डा खणून चूल नळाच्या खाली नेली. पहिल्या खेपेला जमलं नाही, पुन्हा सगळं उकललं. शेवटी एका सकाळी आतल्या भिंतीपर्यंत फरशी कोमट झाली. मी तिथंच बसून राहिले.

सासूबाईंना आणून निजवलं. त्यांनी फरशीवर तळवा ठेवला, आणि किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"बगितलं? मुरायला येळ लागतो म्हनला हुता माझा लेक."

मी मालकांकडं बघितलं. ते हात धुवायला परसात गेले.

शिमग्याला दीर आले. आईच्या उशाशी बसून, आल्यागेल्याला फरशीला हात लावायला सांगत होते. माझ्यानं राहवलं नाही. "भावजी, नळ वर उचलून घेतला हुता तुमी. आमी समदं परत..."

"लेकाच्या हातचं सुक बगवत न्हाय हिला," सासूबाई म्हणाल्या. दीर हसले. मालकांनी मान खाली घातली.

त्यानंतर दोन हिवाळे सासूबाई त्या उबेत झोपल्या आणि त्या खोलीतच गेल्या. दिवसकार्य झाल्यावर दीर म्हणाले, "भांडं नि नळ मी घिऊन जातो. माझंच हाय समदं." मालक 'बरं' म्हणाले. दोघा भावांनी फरशी उचलली. फोडलेला खडक, चढता नळ, सफेद्याचे सांधे, सगळं दिरांच्या डोळ्यांपुढं होतं. फिटरला ते कळलं नसेल असं मी मानत नाही. पाना फिरेना तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लई घट्ट बसवलंय."

दीर गेल्यावर मी मालकांना विचारलं, "का बोलला न्हाईत?"

"आईचं समादान मोडून काय मिळालं असतं?"

"मला मिळालं असतं," मी म्हटलं.

खोली उघडी पडली होती. मालक खड्ड्यात मुरूम भरायला लागले.