शेऱ्याचा रकाना

युसूफभाई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर कळवलं. "काका, अब्बा गेले..." एवढंच ती बोलू शकली. मी नांदेडला घरी होतो, समोर वही उघडी होती आणि तिच्यातला त्यांचा शेवटचा अंदाज तपासायचा राहिला होता. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

ते देगलूरचे, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मी विहिरीत टेप सोडून पाणीपातळी मोजतो. एकवीस वर्षं हेच काम. ओळख झाली ती एका अवघड विहिरीवर. तिची मोटार बंद, चाळीस पावलांवरच्या शेजारच्या विहिरीचीही बंद, तरी पाणी उतरायचं. मी तीनदा मोजलं, टेप बदलला. युसूफभाई काठावर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "टेप खोटा न्हाई, साहेब. तुमी घडीभर पाणी व्हा. खडकात कुठून वाट मिळंल ते बघा." माझ्या तक्त्यात तसा रकाना नाही, मी म्हणालो. "म्हणूनच तुमी कोरडे," ते म्हणाले.

त्यांना मिटल्या डोळ्यांसमोर ओढ्यापलीकडच्या विहिरीपर्यंत गेलेली एक भेग दिसत होती. पण दिसली म्हणजे आहेच, असं ते कधी म्हणाले नाहीत. तिकडची मोटार चालवायला लावली, इकडे मी टेप धरून बसलो. दोन तासांत पाणी नऊ सेंटिमीटर उतरलं. कल्पना त्यांची होती, हे शेऱ्यात लिहीन असा शब्द मी दिला... लिहिला फक्त आकडा.

पुढे त्यांचे असे अकरा अंदाज आम्ही तपासले. चार चुकले. चुकला की ते जास्त खुलायचे: "चला, ही वाट बंद. दुसरी बघू."

शेवटच्या भेटीत त्यांनी शिरूर अनंतपाळकडच्या दोन विहिरी आतून जोडलेल्या असाव्यात असं सांगितलं. मग हळूच विचारलं, "त्या पहिल्या विहिरीचं लिहिलं का?" लिहितो, म्हणालो.

परवा शिरूरला एकटाच गेलो. एका विहिरीवरची मोटार दोन तास चालवली, दुसरीत टेप सोडला. पाणी हललं नाही. चुकलेले आता पाच. सवयीने काठाकडे पाहिलं... मग स्वतःच तिथे बसलो, डोळे मिटले. बराच वेळ बसलो. काही दिसलं नाही.

घरी येऊन जुनी वही काढली आणि पहिल्या विहिरीच्या शेऱ्यात त्यांचं नाव लिहिलं. शिरूरच्या नोंदीत शून्य लिहिलं. तिथला शेऱ्याचा रकाना मात्र अजून कोरा आहे. दुसरी वाट कोणती, ते मला सुचत नाही.