भानुदासनं न पुसलेली डिस्क

भानुदास गेल्याचं मला सिंधूनं कळवलं. मंगळवारी सकाळी सेंटरचं शटर नुकतंच वर केलं होतं, एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवायला घेतला होता, तेवढ्यात वैजापूरहून तिचा फोन आला. "ताई, बसलात का?" एवढंच तिनं आधी विचारलं. आदल्या दिवशी गारखेड्यातल्या एका शाळेत संगणक तपासायला गेला असताना त्याच्या छातीत कळ आली. शिक्षकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती त्यानं. फोन ठेवल्यावर मी पत्रिका पूर्ण केली, कारण ती दुपारी द्यायची होती. भानुदासनंही तेच केलं असतं.

आता महिना उलटून गेलाय. त्याच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट मलाही माझ्याबद्दल सांगावी लागणार आहे, आणि ती मी आजवर कुठं सांगितलेली नाही.

औरंगपुऱ्यात माझं डीटीपी सेंटर आहे. विद्यापीठातल्या मुलामुलींचे प्रबंध टाईप करून, पानं लावून, बांधणीसाठी तयार करून द्यायचे हे माझं मुख्य काम. पेनड्राइव्ह नवे होते त्या काळात दिवसाला दहा-बारा जण आपापला पेनड्राइव्ह माझ्या संगणकाला लावून जायचे, आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचाच. एका सकाळी संगणक सुरू केला तर माझे सगळे फोल्डर गायब. त्यांच्या जागी त्याच नावांचे छोटे बाण काढलेले शॉर्टकट. क्लिक केलं की काहीच उघडत नव्हतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं भानुदासला बोलावलं. उंच, सावळा, खिशाला टेस्टर लावलेला माणूस आला आणि खुर्चीवर न बसता उभ्यानंच की-बोर्डवर काहीतरी टाईप करू लागला. मी रडायच्या बेतात होते.

"काय गेलं नाय ताई," तो म्हणाला. "हाय तिथंच हाय सगळं. व्हायरसनं लपवलंय निस्तं, अन् त्याच्या जागी सोंग उभं केलंय."

दहा मिनिटांत त्यानं फोल्डर परत आणले. मग दाराजवळ पडलेला माझा जुना संगणक आतून पुसून रिकामा केला, त्याची इंटरनेटची वायर काढली आणि मला बजावलं की बाहेरचा कुठलाही पेनड्राइव्ह आधी यात लावायचा, तपासायचा, मगच आत न्यायचा. मुलं कुरकुरायची. घाईतल्या माणसाला तपासणी नकोच असते. पण दोन-तीन महिन्यांत फरक मला स्वतःलाच दिसला.

तो मूळचा वैजापूर तालुक्यातला. घरी मेंढरं. वडील आणि चुलते वर्षातले सहा-सात महिने कळप घेऊन बाहेर असायचे. भानुदास शिकला, आयटीआय करून चितेगावच्या एका कारखान्यात वायरमन लागला. कारखान्यात संगणक आले तेव्हा ते बिघडले की यालाच बोलवायचे, कारण वायर असलेली प्रत्येक गोष्ट वायरमनची. बघून-बघून, वाचून-वाचून तो शिकला. पुढं कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात हाही आला, आणि मग शहरातल्या दुकानांचे, शाळांचे, दवाखान्यांचे संगणक सांभाळणं हाच त्याचा धंदा झाला. शहर बायपासच्या पलीकडं वाढत गेलं तशी त्याची फिरतीही वाढली. त्याच्या माईला हे काम कळायचं नाही. एकदा ती त्याच्याबरोबर सेंटरवर आली होती. तिनं माझ्यासमोरच त्याला विचारलं, "दिसत नाय असा रोग तुला कसा दिसतो रं?" तो म्हणाला, "रोग नाय दिसत माय. मशीनची वागणूक बदलती, त्याच्यावरून कळतं." "मंग मेंढरावानीच हाय की," असं म्हणून ती निर्धास्त झाली आणि चहा प्यायली.

आता सिंधूविषयी. सिंधू त्याच भागातली. तिच्या घराण्यात पीएच.डी.पर्यंत पोचलेली ती पहिली. तिचा विषय होता मेंढपाळांची बोली. मेंढरांना कानाच्या आकारावरून, रंगावरून कोणती नावं आहेत, आजारांना काय म्हणतात, कुठलं गवत कधी चारायचं, हे सगळं ती तळावर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची. तिच्याकडं संगणक नव्हता. दुपारी माझ्या सेंटरमध्ये गर्दी कमी असायची तेव्हा एका कोपऱ्यात बसून ती ऐकून-ऐकून लिहून काढायची. मोबाइल भरला की रेकॉर्डिंग माझ्या संगणकावर उतरवायची आणि मोबाइलमधून काढून टाकायची. सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग गऊबाई नावाच्या एका म्हातारीची होती. पवन्या, मारवेल, कुसळी ही आपल्यालाही ऐकून माहीत असलेली गवतं, पण गऊबाई त्यांच्या कोवळ्या, मधल्या आणि वाळक्या रूपांना वेगवेगळी नावं सांगायची, असं सिंधू मला कौतुकानं सांगायची.

ते वर्ष कोरडं होतं. सिडकोतसुद्धा आठवड्यानं नळ यायचा आणि टँकरच्या मागं बायका बादल्या घेऊन पळायच्या. सिंधूचा प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती आणि आणखी चार प्रबंध माझ्याकडं होते. पानं लावायचं माझं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. नवं मला विकत घ्यायचं नव्हतं. मी भानुदासला म्हटलं, कुठून तरी चोरून मिळतं ते टाकून दे. तो दोनदा नाही म्हणाला. "ताई, ते टाकताना अँटीव्हायरस बंद ठेवावा लागतो. दार उघडं ठेवून कुलपाचा काय उपेग?" तिसऱ्यांदा मी चिडले. म्हटलं, पोरींची वर्षं वाया जातील, तुला काय त्याचं. शेवटी त्यानं ते टाकलं. जाताना एवढंच म्हणाला, "बॅकअपची डिस्क तेवढी काढून कपाटात ठेवा." मी हो म्हटलं. डिस्क संगणकाच्या मागं लावलेली होती, तिथपर्यंत हात पोचवायला टेबल सरकवावं लागायचं. मी ती तशीच राहू दिली.

चौथ्या दिवशी सकाळी प्रत्येक फाईलच्या नावापुढं एक अनोळखी शेपूट लागलेलं होतं. एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी होती, की तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. मागची डिस्क जोडलेलीच असल्यानं तिच्यावरच्याही सगळ्या प्रती गेल्या होत्या. भानुदास आला, त्यानं पाहिलं, टेबलामागं वाकून ती डिस्क पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. पैसे पाठवण्याचा विषय मी काढला तर म्हणाला, "किल्ली देतीलच याची काय खात्री? अन् दिली तर उद्या दुसऱ्या कुणाचं दार फोडतील." बाकीच्या चौघांची प्रकरणं त्यांच्या स्वतःकडं होती, त्यांचं फारसं अडलं नाही. सिंधूचं मात्र सगळं माझ्याकडंच होतं.

अकराच्या सुमाराला सिंधू आली. मी तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तोवर भानुदास तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सिंधू, तुझं रेकॉर्डिंग गेलं. माझ्या हातानं गेलं. मी नको ते सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्यातून आलं हे."

त्याच्या वाक्यात खोटं काही नव्हतं. पण ते पूर्ण नव्हतं, आणि पूर्ण करायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. सिंधू भिंतीला टेकून उभी राहिली. "गऊबाई गेल्या महिन्यात वारली, दादा," ती म्हणाली. मी तिला, चहा घेणार का, असं काहीतरी विचारलं.

पुढचे पंधरा दिवस भानुदासनं आपली बाकीची कामं बाजूला ठेवली. सिंधूची लिहून झालेली चार प्रकरणं तेवढी बचावली, कारण मी काढलेली कच्ची छापील पानं रद्दीत होती. ती मी पुन्हा टाईप केली. उरलेल्या रेकॉर्डिंगसाठी माणसांकडं परत जायला हवं होतं, आणि दुष्काळामुळं एकही कळप गावाकडं नव्हता. सिंधूनं घरोघर विचारलं, कुणाला नक्की सांगता येईना. भानुदासनं चुलत्यांना फोन केले, पैठण रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर चौकशी केली आणि शोधून काढलं की बरेच कळप जायकवाडीच्या आटलेल्या पाणवट्याला उतरलेत, तिथं अजून थोडं हिरवं आहे. आपल्या मोटारसायकलवर सिंधूला मागं बसवून तो चार वेळा तिकडं गेला. एकदा मीही मागून बसनं गेले. भेगाळलेल्या धरणाच्या पोटात मेंढरं चरत होती आणि भानुदास एका म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसून मोबाइल धरून होता. म्हातारा म्हणाला, "मागल्या साली तर सांगितलं की समदं. पोरीनं हरवलं का?" भानुदास म्हणाला, "तिनं नाय बाबा, मी हरवलं. परत सांगा." म्हातारा हसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.

गऊबाईची सून भेटली. सासूची थोडी नावं तिला आठवली, बाकीची नाही. प्रबंधात सिंधूनं त्या जागी लिहिलं की या शब्दांची नोंद झाली होती, पण ती आज उपलब्ध नाही. पदवी मिळाली, वैजापूरच्या कॉलेजात नोकरी लागली. माझं सेंटर चालू राहिलं. मी सॉफ्टवेअर विकत घेतलं. भानुदास दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊन बॅकअप घ्यायचा, डिस्क काढून स्वतः कपाटात ठेवायचा आणि किल्ली माझ्या हातात द्यायचा. त्या सकाळचा विषय त्यानं पुन्हा कधीही काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या गप्प राहण्याला मी हळूहळू सरावले, हे खरं आहे.

मग काही वर्षांनी एका दुपारी, शनिवार नसताना, तो आला. हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "ताई, हेडफोन द्या जरा." खिशातून पेनड्राइव्ह काढून सवयीनं आधी दाराजवळच्या संगणकात लावला, तपासला, मग माझ्याकडं आणला. मी हेडफोन कानाला लावले. वारा ऐकू आला, एक मेंढरू ओरडलं, आणि एका म्हातारीचा खडा आवाज त्याच्यावर खेकसला, "गप गं, मानसं बोलत्यात." मग गऊबाई गवताबद्दल सांगू लागली.

त्यानं ती बिघडलेली डिस्क पुसलीच नव्हती. मला नवी लावून दिली होती आणि जुनी घरी नेली होती. हे कुलूप बनवणारे लोक कधीतरी पकडले जातात, कधी तपास करणारे लोक त्यांच्या किल्ल्या सगळ्यांसाठी फुकट ठेवतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून अधूनमधून तो शोधत राहिला. त्या आठवड्यात ती किल्ली मिळाली. मी त्याला विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "मिळालीच नसती तर उगा पोरीचा जीव टांगला असता." सिंधूनं ते शब्द आता छापलेत. गऊबाईच्या सुनेनं सासूचा आवाज ऐकला तेव्हा डोक्यावरचा पदर सारखा केला, असं सिंधू सांगत होती.

त्याच्या दहाव्याला मी शहरातल्याच सातारा परिसरातल्या त्याच्या घरी गेले. सिंधूही आली होती. अंगणात टाकीजवळ आम्ही दोघीच उभ्या होतो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सॉफ्टवेअरचा हट्ट माझा, डिस्क तशीच ठेवली ती मी. ती ऐकून घेत राहिली. "मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "दादांनी नाही सांगितलं. तुम्ही त्या दिवशी तीन वेळा चहाचं विचारलंत, आणि माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीत." मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही ती प्रकरणं परत टाईप करत होतात ना, तेव्हा बोलणार होते. मग राहिलं."

निघताना भानुदासच्या बायकोनं, लतानं, मला आतल्या खोलीत बोलावलं. त्याच्या कामाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. शाळा, दवाखाने, दुकानं... तो जिथं-जिथं जायचा त्या सगळ्यांची यादी. बऱ्याच नावांपुढं त्याच्या तिरप्या अक्षरात 'शिकले' असं लिहिलेलं होतं. "ज्यांचं आता यांच्याशिवाय चालतं, त्यांच्या म्होरं लिव्हायचे," लता म्हणाली. माझं नाव वरून दुसरं होतं. त्याच्यापुढं जागा कोरी होती.

पहिल्या शनिवारी मी सेंटर अर्धा तास लवकर उघडलं. कपाटातून डिस्क काढली, टेबल सरकवून जोडली, सगळ्या फायलींची प्रत घेतली. प्रत उघडते का हे बघायला त्यातली एक फाईल उघडून पाहिली, तो बघायचा तशी. मग पुन्हा टेबल सरकवलं, डिस्क काढली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. नंतर लताला फोन करून सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. "पेन घेतलाय. काय लिवू, ताई? शिकले, का शिकल्या?"