काकूंची पांढरी बट

"सहज विचारते हं, बाळ आवाजाला दचकतं का?"

नव्वदच्या दशकात एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत कुणाकडेही बाळ झालं, की शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न हाच. आम्ही बायका मागे हसायचो. अशी एखादी घाबरट शेजारीण तुमच्याही ओळखीची असेल.

काकूंना कपाळावर जन्मापासून पांढरी बट होती. ती त्या पदराखाली झाकत. मुलालाही तशीच बट, आणि त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मुलीचे कान चांगले, केस काळेभोर, फक्त डोळे निळे. त्या डोळ्यांवरच मनमाडचं स्थळ भाळलं. मुलगा लहानपणी तापात बहिरा झाला, असं काकूंनी तिकडे ठोकून दिलं होतं.

लेकीला दिवस गेले तेव्हा काकू मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "या सगळ्यामागे एकच जीन आहे, पॅक्स-थ्री. त्याच्यापासून बनणारं प्रथिन दुसऱ्या जीनांना कामाला लावतं. त्यात बिघाड झाला की कुणाचे केस पांढरे, कुणाचे डोळे निळे, कुणाचे कान बंद."

"म्हणजे मुकादमच कामावर आला नाही," काकू म्हणाल्या. "आणि लेकीच्या बाळाला?"

"ऐकू येईल, किंवा नाहीही येणार. आत्ता सांगता येत नाही."

त्या दिवसापासून काकूंची झोपच उडाली.

लेक बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली, कपाळावर पांढरा झुपका घेऊनच. बारशाला सासरची माणसं यायच्या आधी काकूंनी तो कात्रीने कापला. जावळ काढायच्या आधीच बाळाच्या केसांना कात्री!

विहीणबाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो मध्येच थांबला. "हे कुणी केलं?"

काकूंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. "मी. हे माझ्याकडनं आलंय. पोरीला काही बोलू नका."

विहीणबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळून उचललं. मायलेकींना त्या मनमाडला घेऊन गेल्या, ते पुन्हा माहेरी पाठवलंच नाही.

काकू आता नाहीत. शेवटपर्यंत त्या आमच्या घरी येऊन लेकीला फोन करायच्या. "हाक मारली की बघते का गं?"

"बघते आई, बघते," पलीकडचा आवाज मलाही ऐकू यायचा.

एकदा मी म्हटलं, "बघा काकू, उगाच घाबरत होतात."

त्यांनी रिसीव्हर जपून खाली ठेवला.

"खोटं बोलते गं ती. तिच्या भावाच्या वेळी मीही माझ्या आईला असंच सांगायचे."