फितीवरचा बुधवार

माझ्या नवऱ्याकडे एक अख्खा बुधवार होता. सत्तर वर्षांपूर्वीचा, ब्रिटिश रेडिओवरचा, सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या राष्ट्रगीतापर्यंत कुणा हौशी माणसाने टेपवर उतरवून ठेवलेला. हायडेलबर्गच्या जुन्या बाजारात त्या फिती त्याला मिळाल्या. स्टुटगार्टच्या आमच्या घरात सुट्टीच्या दिवशी तो एकेक फीत लावायचा आणि मी शेजारी वाचत बसायचे. कॉपी काढून ठेव म्हटलं, तर कॉपीत खरखर मरते म्हणायचा.

तो हॉस्पिटलमध्ये असताना उंटरश्लाइसहाइम गावाहून धाकटे दीर मदतीला आले. मदत म्हणजे घर मोकळं करणं. मी हॉस्पिटलात होते तेव्हा त्यांनी फितींचे खोके गाडीत घातले आणि वेर्टश्टॉफहोफला, भंगाराच्या कंटेनरमध्ये, टाकून आले. मला सांगितलं नाही. नवऱ्याने शेवटच्या आठवड्यात पहिली फीत आणायला सांगितली, तेव्हा मी घरी आले आणि रिकामं कपाट पाहिलं; विचारल्यावर दिरांनी सांगितलं. त्याला म्हटलं, मशीन बिघडलंय. दुरुस्त होईपर्यंत थांबतो, म्हणाला.

दहाव्याला पिंड पत्रावळीवर बाल्कनीत ठेवला. गुरुजी पुण्याहून फोनवर होते. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. दीर हात जोडून म्हणाले, वहिनींची काळजी घेईन, घराचं सगळं बघीन. कावळे समोरच्या लिंडनच्या झाडावर बसून राहिले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून मोकळं व्हा असं सुचवलं. दिरांना भूक लागली होती, ते लगेच तयार झाले. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

"भावजी, त्याची इच्छा वेगळी होती," मी म्हटलं. "तुम्ही टाकून आलात तो दिवस त्याला पुन्हा ऐकायचा होता. फिती नाहीत. ऐकून ऐकून मला पाठ झालाय, मी सांगते. तुम्ही बसा."

ते हसले. "वहिनी, राणीच्या राज्याचं हवामान ऐकून कावळा येणार आहे का?"

"बसा."

बसले. बाल्कनीकडे पाठ करून, जेवणाच्या टेबलाशी. मी प्रार्थनेपासून सुरुवात केली. मग बातम्या, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी संगीत, शाळेच्या मुलांसाठी नद्यांवरचा धडा. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतले विनोद, त्यातला कामगारांचा हशा कुठे उशिरा येतो तेसुद्धा. दुपारी शेतकऱ्यांसाठी मेंढ्यांचे भाव. कुठेही घाई केली नाही. वरण निवलं. दिरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा पाणी मागितलं. मी पाणी दिलं.

लहान मुलांची गोष्ट सांगत होते तेव्हा कावळा कठड्यावर उतरला. त्याने भात उचलला, पुन्हा येऊन आणखी उचलला, चोच पुसली आणि गेला. माझा आवाज बदलला नाही. गोष्ट संपवली. मग संध्याकाळचं नाटक, एकेका पात्रासकट. मग नाचाचा बँड.

बाहेर उजेड ओसरला तेव्हा दीर पाय मोकळे करायला उठले आणि त्यांना रिकामी पत्रावळ दिसली. बराच वेळ बघत राहिले.

"कधी शिवला?"

"मुलांच्या गोष्टीच्या वेळी."

"मग सांगितलं का नाही, वहिनी?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलं होतंत?"

ते ताटाकडे गेले नाहीत, दाराकडेही नाही. मी त्यांची खुर्ची ओढून सरळ केली. जहाजांसाठीचं समुद्राचं हवामान अजून व्हायचं होतं. ते बसले, आणि मी सांगू लागले.