खड्ड्यातली फांदी

सकाळी डेअरीतून दूध घेऊन निघालो, तर कोपऱ्यावर सुमनताई गुलमोहराची फांदी मोडताना दिसल्या. आमच्याकडे रस्त्याला खड्डा पडला की त्यात फांदी रोवतात, म्हणजे दुचाकीवाले सावध होतात. ताई वर्षानुवर्षं हेच करत आल्या. फांदी रोवायची, फोटो काढायचा आणि नगरसेवकाला पाठवून त्याच्या मागे लागायचं. शेवटी गेल्या महिन्यात आम्ही त्यांनाच निवडून दिलं.

फांदी रोवून झाल्यावर त्यांनी सवयीनं मोबाइल काढला, खड्ड्यावर धरला आणि तशाच थांबल्या.

"आता पाठवणार कुणाला, ताई?" डेअरीवाले हसत म्हणाले.

ताईही हसल्या, पण जरा उशिरा.

माणूस खुर्चीवर एका दिवसात बसतो. हाताला मात्र ते कळायला वेळ लागतो. मला काळजी वाटली ती त्या हाताचीच. खुर्ची अंगवळणी पडल्यावर तो पुन्हा फांदीकडे जाईल का?

मोबाइल पर्समध्ये टाकून ताई निघून गेल्या. मी दुधाची पिशवी खाली ठेवली, खड्ड्याचा फोटो काढला आणि ताईंना पाठवला.