चार फुटांचा बोळ

पट्टीकाका निवृत्त झाले त्याला अकरा वर्षे लोटली होती. त्यांच्या खिशातली सहा इंची पट्टी मात्र अद्याप सेवेत होती. भूमापन कचेरीत छत्तीस वर्षे त्यांनी जुन्या नकाशांच्या नकला काढल्या. ‘निर्दोष सेवे’चे मानपत्र बैठकीच्या भिंतीवर, दोन्ही बाजूंनी अंतर मोजून, टांगलेले होते.

त्यांचे घर आणि शेजारचे घर यांमधून एक चार फुटांचा बोळ मागे जाई. त्याच्या टोकाशी शिवणकाम करणाऱ्या ताईंची खोली होती. ताईंना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना दुसरी वाट नव्हती. शेजारचे घर नुकतेच कोणी विकत घेतले होते, आणि बोळ आपल्याच मालकीचा असे सांगून त्या नव्या मालकाने तोंडाशी विटाही रचून ठेवल्या होत्या. उद्या अकराला कचेरीत सुनावणी होती.

“काका, कॉम्प्युटरवर साऱ्या वस्तीची कुंडली मांडता ना? मग माझा बोळ शोधा,” सकाळी ताई म्हणाल्या होत्या. “नाहीतर गिऱ्हाइकांना छपरावरून यायला सांगते!”

वस्तीचा इतिहास जमवणे हा काकांचा दोन वर्षांचा छंद. कोणते घर कधी बांधले, विहीर केव्हा बुजवली, सारे ते तारीखवार टिपून ठेवीत. कचेरीने जुने नकाशे आता संकेतस्थळावर ठेवले होते. दुपारी तीनच्या सुमारास त्यांना हवा तो सापडला. दोन घरे, आणि मधोमध बोळ, स्वच्छ.

“सापडला!” ते ओरडले, तशी काकू पदराला हात पुसत आल्या.

पण एका कागदावर समाधान मानणे काकांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पुढचा नकाशा उघडला. ती त्याचीच चाळीस वर्षांपूर्वीची नक्कल होती, आणि आज कचेरीत तीच ग्राह्य धरली जाई. तीत दोन्ही घरे भिंतीला भिंत लावून उभी होती. बोळ नव्हताच.

काकांनी चित्र मोठे केले. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण होता, आणि बाणाच्या शेपटीला तीन पिसे होती. अशी पिसे साऱ्या कचेरीत एकच माणूस काढी.

मूळ नकाशा दोन तावांवर होता. जोडताना एका तावाची कड दुसऱ्यावर प्रमाणाबाहेर चढली असणार. बोळ तिच्याखाली गेला, आणि त्यांनी वरून सुबक रेघ ओढली.

“मी गिळला तो बोळ,” ते म्हणाले.

काकू खुर्चीवर बसल्या. “तेव्हा आपण या गल्लीत राहतही नव्हतो. कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच नाही. उद्या ती नक्कल पुढे येईल, आणि ताईंची वाट बंद होईल.”

“आणि तुम्ही तोंड उघडलंत, तर त्या मानपत्राचं काय?”

रात्रीच्या जेवणात काकांनी दोनदा मीठ मागितले आणि दोन्ही वेळा वाढून घ्यायला विसरले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी मॅडमनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. “नवी नक्कल ग्राह्य. जुना कागद का मानू?”

काका उभे राहिले. “नकलेत चूक आहे. ती मी केली आहे.”

“वा!” नवा मालक हसला. “शेजारीण अडचणीत आली, आणि काकांना चाळीस वर्षांनी चूक आठवली! मॅडम, उद्या हे म्हणतील की माझं घरही चुकून काढलं.”

मॅडमनी चष्मा काढला. “तुमच्या शब्दावर आदेश निघत नाही, काका. पुरावा?”

ताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. बोट पांढरे पडले होते. काका नकलेवर वाकले. आपले घर, चोवीस फूट. शेजारचे, चौतीस. आणि कडेला, मूळ नकाशावरून इमानाने उतरवलेली एकूण दर्शनी रुंदी, बासष्ट. जी बेरीज चाळीस वर्षांपूर्वी करायला हवी होती, ती त्यांनी आता केली.

“मॅडम,” ते सावकाश म्हणाले, “चोवीस आणि चौतीस किती?”

“अठ्ठावन्न.”

“मी कडेला बासष्ट लिहिले आहे. मधले चार फूट कुठे गेले? आणि यांच्या खरेदीखतात किती फूट आहेत, तेही पाहावे.”

मॅडमनी खत मागवले, आकड्यावर बोट ठेवले. चौतीस. नव्या मालकाचे हसू कुठल्या कुठे गेले.

“बोळ खुला राहील. विटा आजच उचला,” मॅडम म्हणाल्या आणि काकांपुढे कोरा कागद सरकवला. “चूक लेखी द्यावी लागेल. नावानिशी, सहीनिशी.”

काकांनी समास सोडून, वळणदार अक्षरात, पाच ओळी लिहिल्या. शेवटच्या ओळीपाशी पेन जरा थांबले. मग सही झाली.

घरी येताच ते मानपत्राखाली स्टूल घेऊन चढले.

“उतरा खाली,” काकू म्हणाल्या. “ते काढलंत तर भिंतीवर चौकोनी डाग दिसेल, आणि मग तो रोज मोजत बसाल.”

काका स्टुलावरच उभे राहिले. मग खिशातून पट्टी काढून त्यांनी चौकटीची कड तपासली. ती डावीकडे एक सूत कललेली होती. त्यांनी ती सरळ केली नाही.

खिडकीखालून, बोळातून, ताईंच्या गिऱ्हाइकांची चाहूल मागे गेली.