वाचला तिथेच नारळ

दिघाशीची संघरत्ना यादव अंजूरच्या एका गोडाऊनात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागली, तेव्हा हमालांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकून टाकलं: टोपीबाई. का, तर ही बया जाईल तिथे एकच ओरडते, टोपी घाला रे, टोपी घाला! आणि टोप्यांचं काय झालं म्हणता? पिवळ्याधमक नव्या हेल्मेटातून कोणी भाजी नेली, कोणी ते उपडं टाकून त्यावर बसून जेवला. सेफ्टीचे बूट तर इतके चकचकीत, की लोकांनी ते हळदीत नाचायला जपून ठेवले आणि कामाला आले चपला फटफटवत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

ही गोष्ट दोन हजार सात-आठची. खाडीकाठच्या भातशेतांवर भराव पडत होता आणि त्यावर भराभर गोडाऊनं उठत होती. भिवंडीच्या लूमवरचं कापड गाठी बांधून इथे यायचं आणि पार छताला भिडतील अशा थप्प्या लागायच्या. आदल्या वर्षी शेजारच्या गोडाऊनात अशीच एक थप्पी कोसळून माणूस गेला होता. त्याची बायको कितीतरी दिवस फाटकाशी नुसती बसून असायची. ते बघून संघरत्नाने मनाशी एकच धरलं होतं, माझ्या गोडाऊनातून कोणी आडवा बाहेर जाणार नाही.

पण माणसं काही सांगतील तर ना! इथला नियम असा, की ज्याच्या हातून गडबड होईल त्याची हजेरी कापायची. मॅनेजर देवेशने हा नियम केला होता शिस्त लागावी म्हणून. लागली की शिस्त, तोंड शिवून बसायची! फाटकावरच्या फळ्यावर ‘अपघात शून्य’ असं झोकात लिहिलेलं आणि आत पोरं बोटांना चिंध्या बांधून फिरताहेत. विचारलं तर म्हणायची, “काय न्हाय मॅडम, मच्छर चावला.” मच्छर म्हणे! संघरत्नाने एक पेटी लावली, नाव न घालता चिठ्ठी टाका म्हणाली. पेटीत निघाली तंबाखूची रिकामी पुडी.

एकदा चहाच्या सुट्टीत हमालांचा मुकादम दामू खोबऱ्याचे तुकडे वाटत होता. दामू अंजूरचाच, आडव्या अंगाचा आणि मिशीत हसणारा. तिच्यापाशी आल्यावर त्याचा हात अडखळला.

“परसाद हाय. तुमच्यात चालत न्हाय ना?”

“खोबरं चालतं, देव राहू दे,” म्हणत तिने तुकडा तोंडात टाकला. “कसला नारळ, दामूदादा?”

“असाच.”

“असाच नारळ कोण फोडतो हो?”

दामूने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आपला लडकू बचावला काल. ट्रक मागं आला नि ह्यो मधी. भिंतीला चिकटला म्हून जिवावरचं शेपटावर निभावलं. देव तारी त्याला कोण मारी!”

“देव तारतो, कबूल. पण रोज रोज त्यालाच ड्युटी लावायची का? आणि फोडला कुठे?”

“वाचला तितंच. दुसरीकडं फोडून काय उपेग?”

संघरत्नाचं चघळणं थांबलं. चहा तसाच टाकून ती गोडाऊनभर फिरली. मागच्या दाराशी करवंटीचे तुकडे. फोर्कलिफ्टच्या वळणावर कुंकू आणि ओला डाग. लोखंडी जिन्याखाली पुन्हा करवंटी. इतके दिवस हा कचरा कोण करतंय म्हणून ती झाडूवालीवर डाफरत होती! अरे देवा, असं तिच्या तोंडून निघालं आणि आपण कोणाला हाक मारली ते कळून ती एकटीच हसली. चूक सांगायची म्हटली की माणसाची जीभ टाळूला चिकटते, पण वाचलो म्हणून नारळ फोडायला कोण लाजतो?

ती तडक देवेशच्या केबिनमध्ये गेली. नारळ कंपनीने आणायचे, फोडणाऱ्याची हजेरी कापायची नाही आणि जिथे नारळ फुटेल ती जागा त्याच दिवशी दुरुस्त करायची, असं तिने सांगितलं.

“सेफ्टीच्या खर्चात नारळ? वरच्या साहेबांना काय सांगू?”

“सांगा, हॉस्पिटलपेक्षा परवडतात.”

देवेश कुरकुरत का होईना, कबूल झाला. घरी मात्र तिची आई शांताबाई कडाडली. “आपण नारळ-अंगारे कधीचे सोडले आणि तू गोणीने वाटत सुटलीस? विहारात तोंड कसं दाखवू मी?”

“आई, आभार ते मानतात. मी फक्त जागा विचारते. एकही नारळ मी फोडलेला नाही.”

शांताबाईने अबोला धरला. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “उरलेलं खोबरं तरी आणत जा, चटणी होईल.”

इकडे गोडाऊनाचं रूप पालटायला लागलं. वळणावर आरसा बसला, जिन्याला कठडा आला, ट्रकच्या चाकामागे लाकडी ओंडके आले. एकदा वरून लोखंडी हुक सुटला आणि दामूच्या हेल्मेटवर आदळला. टोपी चिरली, डोकं शाबूत! त्या दिवशी दामूने नारळ फोडला तो टोपी डोक्यावर ठेवूनच, आणि तिथून पुढे हेल्मेटात भाजी न्यायची कोणाची छाती झाली नाही.

दिवाळी तोंडावर आली, ट्रकांची रांग लागली. मागच्या कोपऱ्यातल्या मोठ्या थप्पीवरून एक गाठ सुटली, खालचा हमाल थोडक्यात वाचला आणि तिथे नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. संघरत्नाने वाकून पाहिलं, तर भराव खचून जमीन बसली होती आणि अख्खी थप्पी पुढे कलली होती. तिने लांबवरून दोर बांधला आणि आत कोणी जायचं नाही म्हणून सांगितलं.

देवेश धावत आला. “अहो, आज माल नाही निघाला तर पार्टी हातची जाईल! तासाभराचं तर काम आहे.”

“मिनिटभरही नाही.”

“नोकरी जाईल तुमची.”

“घ्या नोकरी. दोर सुटणार नाही.”

तेवढ्यात दामूने हातातला हुक खाली टाकला. “मॅडम न्हाय बोलली म्हंजे न्हाय. ए लडकू, बस खाली.” लडकू बसला. त्याच्यामागे एकेक करत सगळे हमाल बसले.

देवेशचा पारा चढला. “मग मीच काढतो!” म्हणत त्याने दोरापलीकडे पाय टाकला. दामूने त्याचा दंड धरून त्याला असा मागे ओढला, की साहेब पार्श्वभागावर आपटले.

“सायेब, तुमी पन मानूसच हाव!”

दामूचं वाक्य संपतंय तोच कडाड्कन आवाज झाला आणि अख्खी थप्पी खाली आली. जमीन हादरली, धुळीने डोळ्यांपुढे अंधार केला. संघरत्ना जिवाच्या आकांताने एकेकाचं नाव घेऊन ओरडायला लागली. धुळीतून खोकत, ठसकत एकेक ‘हाय’ येत गेला. शेवटी तिने देवेशला हाक मारली. जमिनीवरून बारीक आवाज आला, “आहे, आहे मी.”

धूळ बसली तसा लडकू उठला. चेहरा पांढराफटक. सगळ्यांदेखत म्हणाला, “मॅडम, तळाची गाठ मीच लावली व्हती. जमीन बसलेली दिसत व्हती, तरी लावली. घाई व्हती.”

सगळ्यांच्या माना देवेशकडे वळल्या. देवेश कपडे झटकत उभा राहिला. कोसळलेल्या गाठींकडे त्याने पाहिलं, मग लडकूकडे पाहिलं आणि म्हणाला, “लडकूची आजची हजेरी पुरी लावा. सांगितलंस ते बरं केलंस रे.”

मग काय, बांधच फुटला! फोर्कलिफ्टचा ब्रेक लागत नाही म्हणून एक सांगतोय, पंख्याची वायर शॉक देते म्हणून दुसरा, वजन उचलायची साखळी झिजलीय म्हणून तिसरा तिची ओढणी ओढतोय. “अरे, एकेक बोला रे!” संघरत्ना ओरडत होती, हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. कोणाचंच धड ऐकू येत नव्हतं, आणि इतका आनंद तिला उभ्या जन्मात कधी झाला नव्हता.